बाबा हॉस्पिसवर आहेत, घरात काय आणून ठेवू?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मेल्सच्या गर्दीत हे आपल्या ईमेल लिस्टवर टाकतेय, सॉरी. बाबा (वय 84) परवापासून घरीच हॉस्पिसवर आहेत, म्हणजे आता आजार बरा करायचे उपचार नाहीत, फक्त शेवटच्या दिवसांत त्रास कमी ठेवायचा. काल बेड, ऑक्सिजनचं मशीन, कमोड सगळं आलं, नर्स येऊन भरपूर सांगून गेली आणि मला त्यातलं निम्मंसुद्धा आठवत नाहीये. रात्री दोन वाजता बसून ऑनलाइन कार्ट भरलं, डायपर, पॅड, ग्लव्ह्ज, क्रीम, बसायची ती गोल भोकाची उशी, 340 डॉलर झाले. करू का ऑर्डर? दादा पुण्याहून रोज विचारतो काय पाठवू आणि मला काही सुचत नाही.

— एडिसन, न्यू जर्सीहून

---

अगं, आधी ते कार्ट बंद कर.

बाबांना मेडिकेअर (सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्यविमा) आहे ना? मग हॉस्पिसमध्ये नुसता बेड न् ऑक्सिजन नाही, त्या आजारासाठी लागणारं ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी), औषधं पण येतात, औषधाला फार तर 5 डॉलर भरावे लागतात. आमच्याकडे सासूबाईंचे डायपर, बेडवरचे पॅड, ग्लव्ह्ज हॉस्पिसच पाठवायचं, पण मागितलं तर! नर्सला वाटतं यांच्याकडे असेल, आपल्याला वाटतं ती आणेल. शुक्रवारी सकाळीच फोन करून मोजून सांगायचं, नाहीतर वीकेंडला पंचाईत. डायपरचं माप पण नीट सांग, सैल असेल तर बाजूने गळतं आणि मग रात्री तीन वाजता पूर्ण बिछाना बदला.

ती गोल उशी अजिबात घेऊ नकोस, कडेने दाब पडून उलट जखम होते असं आमच्या नर्सने सांगितलं होतं. त्यापेक्षा हवेची गादी माग, ती आलटूनपालटून फुगते. गादी आली तरी दर दोनेक तासांनी कूस बदलायचीच, आणि पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेव, टाचांकडे कुणाचं लक्षच जात नाही.

खरं कामाला काय आलं सांगू, जुनं सुती कापड. सासूबाईंची धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी होती, त्यांचे तुकडे पुसायला. दुकानातले वाइप्स गार लागतात आणि त्या दचकायच्या. पलंगावरची चादर चौघडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी टाकायची, दोघांनी दोन बाजूंनी धरून माणसाला वर सरकवायचं, बगलेत हात घालून ओढायचं नाही. बाबांचे सदरे पाठीतून उभे कापून टाक, जीव होत नाही कात्री लावायला, पण हात वर करताना त्यांना किती दुखतं ते बघितलंस की लावशील.

तोंडासाठी काडीवरचे स्पंज येतात, ते ओले करून पिळून फिरवायचे. मी एकदा न पिळता गंगाजल दिलं आणि ठसका लागला, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

— पिस्कॅटवेची काकू

---

काकूंनी सगळं लिहिलंय, फक्त एक, ऑक्सिजन चालू असेल तर त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, काही नाही. आमची आई ऐकेना, शेवटी देव दुसऱ्या खोलीत हलवले आणि तिच्या उशाशी बॅटरीचा दिवा. ओठांना तूप किंवा व्हॅसलीन पण नाही लावायचं, पाण्याचा बेस असलेला बाम नर्सकडून माग.

फ्रिजमध्ये एक छोटा डबा दिला असेल, त्यात मॉर्फिन वगैरे, म्हणजे दुखणं कमी करायची औषधं असतात. मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेव आणि कधी किती द्यायचं ते नर्सला फोन करूनच. हॉस्पिसचा 24 तासांचा नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर चिकटव, घाबरून 911 (अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर) लावलं की हॉस्पिटलची वरात सुरू.

— एक दादा, ब्रिजवॉटर

---

लिस्टवर इतर कुणाला उपयोग होईल म्हणून. माझ्या वडिलांना ग्रीन कार्ड मिळून तीनच वर्षं झाली होती, मेडिकेअर विकत घ्यायलाही इथे सलग पाच वर्षं राहावं लागतं. मी लाजून गप्प बसलो होतो. शेवटी सोशल वर्करला सरळ विचारलं, तेव्हा कळलं की त्या हॉस्पिसकडे देणग्यांचा फंड आहे, बराचसा खर्च त्यातून झाला. विचारा हो, लाजू नका.

बेड न् मशीन कंपनी घेऊन गेली पण न उघडलेले सामान परत घेत नाहीत. माझ्या गॅरेजमध्ये मीडियम डायपरची तीन पाकिटं आणि पॅडचा अख्खा खोका पडलाय. एडिसनच्या ताई, हवंय का?

---

कार्ट रिकामं केलं. बाबांना मीडियमच लागतं, शनिवारी अकराला येऊ का घ्यायला? नवरा येईल, मला बाबांजवळून हलवत नाही.

देव आज सकाळी स्वयंपाकघरात नेले, बाबांना विचारून. ते म्हणाले बरं झालं, तिथे निदान नैवेद्याचा वास तरी येईल त्यांना.

दादाला सांगितलंय आईची दोन सुती पातळं पाठव. तो म्हणे तिथे टॉवेल मिळत नाहीत का.