‘दर्शन’, ‘दृष्टान्त’, ‘आभास’ की नुसते ‘दिसणे’? : लिझ्यूच्या संत तेरेजाच्या निमित्ताने

विचारणा

बाळ येशूची संत तेरेजा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच कार्मेलाइट (एका एकांतवासी कॅथलिक संघातल्या) संन्यासिनीवर (१८७३–१८९७) मी मराठीत एक दीर्घ टिपण लिहीत आहे. १३ मे १८८३ रोजी, पेन्टेकॉस्टच्या रविवारी, ती दहा वर्षांची होती आणि लिझ्यू गावातल्या आपल्या घरी कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून होती. त्या दिवशी पलंगाजवळच्या मूर्तीच्या जागी आपल्याला मरियामाता हसताना दिसली आणि आपण तत्काळ बरे झालो, असे तिने पुढे प्रौढपणी लिहून ठेवले आहे. या घटनेला मराठीत नेमके काय म्हणावे? ‘दर्शन’, ‘साक्षात्कार’, ‘दृष्टान्त’ आणि ‘प्रकटीकरण’ असे चार शब्द समोर आहेत आणि चारही थोडेथोडे खटकतात. दुसरी अडचण अशी की, तिने जे सोसले त्याला ‘दुःखभोग’ म्हणावे, ‘यातना’ म्हणावे की चर्चमध्ये रूढ असलेले ‘दुःखसहन’ वापरावे? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद १

चारांपैकी दोन शब्द लगेच बाजूला काढता येतील. ‘प्रकटीकरण’ हे मराठी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचे नाव असल्यामुळे ख्रिस्ती वाचकाच्या मनात त्या शब्दाबरोबर सात शिक्के, कर्णे आणि जगाचा अंत उभा राहतो. शिवाय ईशज्ञानात तो शब्द देवाने माणसाला स्वतःविषयी जे कळवले त्या सगळ्यासाठी लागतो, त्यामुळे एका आजारी मुलीच्या खोलीतल्या प्रसंगासाठी तो खर्ची घालू नये. ‘साक्षात्कार’ या शब्दात पाहणाऱ्याच्या ज्ञानावर भर आहे. आत्मसाक्षात्कार झालेला माणूस आतून बदलून जातो, त्याला काहीतरी कळते. तेरेजाला त्या दिवशी कोणतेही गूढ उलगडले नाही, ती फक्त बरी झाली आणि रडली. त्यातून रोजच्या बोलण्यात ‘आज अचानक काय साक्षात्कार झाला?’ हे आपण टोमणा म्हणूनच वापरतो, तेव्हा तो शब्द या वाक्यात किती जपून बसवला तरी किंचित वाकडा दिसणार.

‘दृष्टान्त’ मात्र विचार करण्याजोगा आहे. ख्रिस्ती मराठीत त्याला आधार आहे, कारण बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याला देवदूत दिसतो तो ‘दृष्टान्तात’ दिसतो. याउलट येशूने सांगितलेल्या बोधकथांना जुन्या भाषांतरात ‘दाखले’ म्हटले आहे. म्हणजे महानुभावांच्या दृष्टान्तपाठात बोधकथा या ज्या अर्थाने हा शब्द येतो तो अर्थ बायबलच्या मराठीने ‘दाखला’ या शब्दाकडे सोपवला आणि ‘दृष्टान्त’ दिव्य दृश्यासाठी मोकळा ठेवला. तरीही मी तो इथे वापरणार नाही, आणि त्याचे कारण लोकव्यवहारातले आहे. आपल्याकडे देव दृष्टान्त देतो तो बहुधा झोपेत, आणि देतो तेव्हा काहीतरी काम सांगतो: मी अमक्याच्या शेतात जमिनीखाली आहे, मला वर काढ, देऊळ बांध. फ्रान्समधल्याच लूर्दच्या बाबतीत हा शब्द अर्धा तरी लागू पडला असता, कारण तिथल्या गुहेत जिला मरिया दिसल्याचे मानतात त्या बेर्नादेत नावाच्या मुलीला २ मार्च १८५८ रोजी ‘धर्मगुरूंना जाऊन सांग, इथे चॅपेल बांधा आणि मिरवणुकीने या’ असा निरोप मिळाला होता. लिझ्यूच्या खोलीत मात्र ती मुलगी जागी होती, भर दिवस होता आणि कोणी काही सांगितले नाही. आज्ञा नसलेल्या प्रसंगाला दृष्टान्त म्हणणे मराठी कानाला अपुरे वाटते.

उरतो ‘दर्शन’. हा शब्द घ्यावा, पण त्याबरोबरचे क्रियापद सांभाळावे. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला जाऊन आलेला माणूस, मग तो हिंदू असो की ख्रिस्ती, ‘माउलीचे दर्शन घेतले’ असे म्हणतो, आणि तिथे तो मूर्तीविषयीच बोलत असतो. म्हणून ‘तेरेजाने मरियामातेचे दर्शन घेतले’ असे लिहिले तर ती देवळात जाऊन आली असे होईल. ‘मरियामातेने तेरेजाला दर्शन दिले’ हे बिनचूक मराठी आहे, परंतु त्यात लेखक स्वतः साक्ष देतो. ‘तेरेजाला मरियामातेचे दर्शन झाले’ यात ती साक्ष थोडी सौम्य होते.

विचारणाऱ्याकडून

आभारी आहे. परंतु एका मित्राचे म्हणणे असे की, मुलगी तापलेली आणि भ्रमिष्ट अवस्थेत होती, तेव्हा प्रामाणिक लेखकाने ‘आभास’ हाच शब्द वापरावा. त्याला काय उत्तर द्यावे?

प्रतिसाद २

मित्राला सांगावे की ‘आभास’ हा शब्द जरूर वापरा, पण योग्य जागी. त्या आजारात तेरेजाला आभास झालेच होते आणि ते तिने स्वतःच नोंदवले आहेत. पलंगाच्या सभोवती खोल कडे आहेत असे तिला वाटे. भिंतीतले खिळे तिला काळ्या, जळक्या, जाडजूड बोटांसारखे दिसत आणि ती किंचाळत असे. एकदा वडील तिच्याकडे पाहून हसत उभे असताना त्यांच्या हातातल्या टोपीला एकाएकी काहीतरी भयंकर आकार आला. ज्या रविवारविषयी आपण बोलत आहोत त्या दिवशीही, थोरली बहीण मारी समोर असून तिला ती ओळखता येत नव्हती. मग मारी, लेओनी आणि सेलिन या तिघी बहिणी मूर्तीपुढे गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या आणि त्यानंतर ते हसू दिसले.

म्हणजे एकाच अंथरुणावर, त्याच काही आठवड्यांत, एकाच मुलीला दोन प्रकारची दृश्ये दिसली, आणि तिने स्वतः त्यांची सरमिसळ केली नाही. खिळ्यांविषयी लिहिताना ते खिळेच होते हे तिला ठाऊक आहे. हसऱ्या चेहऱ्याविषयी लिहिताना ती तसे म्हणत नाही. वाचकाने दोन्हींना आभास मानावे की नाही हा त्याचा प्रश्न आहे, परंतु लेखकाने दोन्हींसाठी एकच शब्द योजला तर तिने केलेला भेद मराठीत पोचणार नाही.

आता मुख्य मुद्दा. तिच्या मूळ वाक्यात ‘दर्शन’ या अर्थाचे नामच नाही. ‘एकाएकी पवित्र कुमारी मला सुंदर दिसली, इतकी सुंदर की तसे काही मी कधी पाहिले नव्हते’ असा त्याचा सरळ अर्थ आहे, आणि तिथले फ्रेंच क्रियापद दुपेडी आहे: वाटणे आणि समोर येणे हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. योगायोगाने मराठी ‘दिसणे’ अगदी तसेच आहे. ‘ती मला सुंदर दिसली’ या वाक्यात समोरची मूर्ती सुंदर भासली असेही म्हणता येते आणि जी आधी नव्हती ती नजरेस पडली असेही म्हणता येते. अशा वेळी हाती आलेले क्रियापद सोडून भारदस्त नाम शोधण्यात काय लाभ? या प्रसंगापुरते ‘दिसणे’ आणि ‘हसणे’ ही दोन क्रियापदे पुरेशी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा निव्वळ भाषिक काटेकोरपणा नव्हे. या मुलीला मोठ्या शब्दांनीच छळले. मारीने खोदून विचारले तेव्हा तिने गुपित सांगून टाकले, मारीने ते कार्मेलाइट मठात सांगण्याची परवानगी मागितली, आणि पुढे तेरेजा तिथे भेटीला गेली तेव्हा संन्यासिनींनी प्रश्न सुरू केले: मातेच्या कडेवर बाळ येशू होता का? पुष्कळ प्रकाश पडला होता का? तिच्याजवळ एवढेच उत्तर होते की ती फार सुंदर दिसली आणि माझ्याकडे पाहून हसली. ऐकणाऱ्यांनी काहीतरी वेगळेच कल्पिले आहे हे तिच्या लक्षात आले आणि आपण खोटे बोललो की काय, या शंकेने तिला घेरले. ती शंका दिवस-दोन दिवसांची नव्हती. नोव्हेंबर १८८७ मध्ये रोमच्या वाटेवर ती पॅरिसमधल्या नोत्र-दाम-दे-व्हिक्तवार या चर्चमध्ये गेली, जिथे तिच्या आजारपणात वडिलांनी नोव्हेनाचे, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे, मिस्सा (उपासनाविधी) अर्पण करवले होते, तेव्हा कुठे तिची खात्री पटली की आपल्याकडे पाहून खरोखर तीच हसली होती. चार वर्षांहून अधिक काळ जिने आपल्या साध्या वाक्याची किंमत मोजली, तिच्या चरित्रात आपण पुन्हा ‘तेजोमय साक्षात्कार’ घालणे बरे नव्हे.

प्रतिसाद ३

याला जोड म्हणून बेर्नादेतचे उदाहरण देतो. लूर्दच्या गुहेत ११ फेब्रुवारी १८५८ पासून तिला अठरा वेळा जे दिसले त्याला ती सुरुवातीला मरिया म्हणत नव्हती, बाई म्हणूनही ठाम सांगत नव्हती. तिच्या गास्कोन बोलीत ती ‘अकेरो’ म्हणे, म्हणजे आपल्या भाषेत नपुंसकलिंगी ‘ते’. मराठी पुस्तिकांमध्ये पहिल्या दिवसापासूनच ‘पवित्र मरियेने दर्शन दिले’ असे छापलेले असते आणि त्या मुलीची सगळी सावधगिरी वाया जाते. अशा चौदा वर्षांच्या अशिक्षित मुलीला व्याकरणाचे जे भान होते ते चरित्रकारांनाही असावे.

आणखी एक दुरुस्ती. बेर्नादेतलाही पुष्कळदा एकांतवासी संन्यासिनी म्हटले जाते, ते बरोबर नाही. ती १८६६ मध्ये नेव्हेरच्या ज्या संघात गेली तो शाळा चालवणारा, आजाऱ्यांची सेवा करणारा संघ होता. दिसण्याचा अनुभव घेऊन पुढे खरोखर एकांतवासी मठात गेलेल्यांमध्ये तेरेजा येते, आणि पोर्तुगालमधल्या फातिमा इथे १९१७ मध्ये ज्यांना मरिया दिसल्याचे सांगतात त्या मुलांपैकी लुसिया येते, जी १९४८ मध्ये कोइम्ब्राच्या कार्मेलाइट मठात दाखल झाली.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याकडून

लूर्द आणि फातिमाचा उल्लेख आला म्हणून अशा घटनांविषयीच्या चर्चच्या अधिकृत भाषेबद्दल थोडक्यात. लूर्दच्या घटनांवर १८६२ मध्ये तिथल्या बिशपांनी रीतसर निवाडा दिला होता. तेरेजाच्या प्रसंगावर तसा निवाडा नाही, त्यामुळे ‘चर्चने मान्य केलेले दर्शन’ असे तिच्याबाबत लिहू नये. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने नवे नियम काढले, त्यानुसार आता सहसा कोणतीही घटना अलौकिक असल्याचे घोषित केले जात नाही. सर्वांत अनुकूल निर्णयाचे लॅटिन नाव शब्दशः ‘हरकत नाही’ असे आहे. सोसायटीकडून ‘ना हरकत’ मिळवताना दमलेल्या मराठी माणसाला त्यातली सावध कार्यालयीन चाल वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

प्रतिसाद ४

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही म्हणून लिहितो. ‘दुःखभोग’ टाळावा. मराठीत ‘भोग’ पदरी येतात, ते कोणाला चुकत नाहीत आणि त्यांच्यामागे पूर्वकर्माचा हिशेब असतो. तेरेजाच्या विचारात हा हिशेब नाही. तिने दुःख अर्पण करण्याची वस्तू मानले. ‘यातना’ म्हटले की त्या देणारा कोणीतरी असावा लागतो. ‘दुःखसहन’ हा शब्द ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या मरणाशी बांधलेला आहे, आणि तिने धारण केलेल्या पूर्ण नावात बाळ येशूबरोबर ‘पवित्र मुखा’चाही, म्हणजे त्या दुःखी ख्रिस्ताच्या चेहऱ्याचाही, उल्लेख असल्यामुळे एखाद्या ठिकाणी तो शोभेल. पण सबंध टिपणासाठी एकच शब्द कशाला हवा? तिच्या वाट्याला आलेली दुःखे एका जातीची नव्हती.

१८८३ ते १८८७ दरम्यान तिला होती ती मनाची टोचणी. पुढे जडलेल्या क्षयाची वेदना हे शारीरिक प्रकरण आहे, आणि त्याचा आरंभ कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. एप्रिल १८९६ मध्ये, पवित्र गुरुवार उलटून शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) सुरू होत असताना, दिवा मालवून ती आडवी झाली आणि काहीतरी ऊन ओठांपर्यंत उसळून आले. रक्त असावे अशी शंका आली, तरी तिने दिवा पुन्हा लावला नाही, पाहायला सकाळपर्यंत थांबली. सकाळी ते रक्तच होते आणि तिला आनंद झाला. अशा वाक्यात ‘यातनामय रात्र’ असे लिहिले तर ती भावना वाचकाची असेल, तिची नसेल.

आणि लगेच त्या ईस्टरपासून स्वर्ग आहे की नाही याविषयीचा जो काळोख तिच्या मनात दाटला, तो शेवटपर्यंत हटला नाही. त्याला ती पडदा म्हणत नाही, भिंत म्हणते, आकाशापर्यंत पोचलेली भिंत. इथे ‘दुःख’ हा शब्दही तोकडा आहे, म्हणून तिचेच ‘अंधार’ आणि ‘भिंत’ हे शब्द ठेवावेत. ८ जुलै १८९७ रोजी तिला मठातल्या आजाऱ्यांच्या खोलीत आणले तेव्हा घरची ती हसरी मूर्तीही तिथे आणून ठेवली होती, पण या वेळी ती पुन्हा हसल्याची नोंद नाही. उलट इतरांना जितकी पाहण्याची इच्छा असते त्याहून अधिक मला न पाहण्याची आहे, अशा अर्थाचे ती त्या आजारात बोलली. त्याच वर्षी मरियेवर रचलेल्या आपल्या शेवटच्या कवितेत तिने मरियेच्या आयुष्यात समाध्या, चमत्कार, आनंदमूर्च्छा यांतले काही नव्हते असेच म्हटले आहे. ‘दर्शन’ हा शब्द टिपणात किती वेळा यावा, याचे उत्तर यातून मिळावे. ३० सप्टेंबरला, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती गेली.

विचारणाऱ्याकडून

सर्वांचे आभार. मसुद्यातले वाक्य असे केले आहे: ‘तेरेजाला मरियामाता एकाएकी अतिशय सुंदर दिसली आणि आपल्याकडे पाहून हसली, असे ती लिहिते.’ पुढचे वाक्य आहे: ‘वयाच्या पंधराव्या वर्षी, ९ एप्रिल १८८८ रोजी, ती लिझ्यूच्या कॉन्व्हेंटमध्ये दाखल झाली आणि चिंतनशील सिस्टर बनली.’ यात काही खटकते का?

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याकडून

पहिले वाक्य तसेच राहू द्यावे. दुसऱ्यात ‘कॉन्व्हेंट’ काढावा, कारण पंधरा वर्षांची मुलगी कॉन्व्हेंटमध्ये दाखल झाली असे वाचून मराठी वाचक तिला इंग्रजी शाळेत नववी-दहावीच्या वर्गात बसवील. ‘कार्मेलाइट मठात’ म्हणावे. ‘सिस्टर’ म्हणजे आपल्याकडे शाळेतल्या किंवा दवाखान्यातल्या, आणि तेरेजा दोन्हीकडे नव्हती. ‘संन्यासिनी’ चालेल, ‘नन’ही चालेल. ‘चिंतनशील’ हा शब्द आपण लेखकांना आणि अध्यक्षीय भाषण करणाऱ्यांना लावतो, त्याऐवजी ‘जिथून बाहेर पडायचे नसते आणि प्रार्थना हेच मुख्य काम असते अशा मठात’ एवढे सरळ लिहिले की शब्द शोधण्याची गरज उरत नाही.