‘एकट्या पालकाची मुले घुमी, नाहीतर उर्मट’ : एक प्रतिवाद

दापोलीची मास्तरीण : वरचे विधान काल एका सद्गृहस्थांनी केले आणि आठ-दहा जणांनी त्यावर माना डोलावल्या, म्हणून हा प्रपंच. बावीस वर्षे मी शिकवते आहे. घुमी मुले मी पाहिली आहेत, परंतु आईवडील दोघेही असून रोज रात्री भांड्यांची आदळआपट चालते, अशा घरांतून आलेलीच त्यांत अधिक होती. अमेरिकेतील मुलांच्या अभ्यासावरून मॅक्लॅनहन आणि सँडफर या समाजशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवले की, एकट्या पालकाच्या मुलांच्या पिछाडीतील सुमारे निम्मा वाटा घरातील कमी उत्पन्नाचा असतो. शिवाय बाप मुंबईच्या गिरणीत आणि आई लावणीच्या चिखलात, अशा पिढ्या आपल्या कोकणात निघाल्या. त्या सगळ्या बिघडल्या काय?

देवगडकर : बाई, चाकरमान्याला ‘नसलेला बाप’ ठरवू नका. माझे वडील परळला गिरणीत होते. दरमहा मनीऑर्डर येई, तिच्या कुपनावर चार ओळी असत, गणपतीला ते स्वतः येत, आणि ‘बाबांना कळवू का?’ एवढ्यावर आम्ही सरळ होत असू. घरात आजी, काका, काकू होत्याच. याला एकल पालकत्व म्हणणे म्हणजे पडवीत झोपलेल्याला बेघर म्हणणे आहे.

मालवणची लेक : तुमच्या घरी काकू होत्या, आमच्या घरी नव्हत्या. १९८२च्या संपात मनीऑर्डर थांबली आणि वडील मात्र गावी परतलेच नाहीत. आईने सुकी मासळी विकली. वाण्याची उधारी, धाकट्याचे दुखणेखुपणे हे पाचवीत असलेल्या माझ्याकडे आले. ‘पोर किती शहाणी’ असे सगळे म्हणत. त्या शहाणपणापायी आजही मला कोणाकडे मदत मागता येत नाही. तेव्हा मास्तरीणबाई, तुमचे निम्मे मान्य. उरलेल्या निम्म्याचे काय?

देवगडकर : म्हणजे माझेच म्हणणे सिद्ध झाले.

मालवणची लेक : मुळीच नाही. वडील नसण्याहून, आईला हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही यावर वाडीतल्या बायकांचा चाललेला खल मी दाराआडून ऐकला, तो मला अधिक लागला. खल करणाऱ्या साऱ्या तुमच्यासारख्या भरल्या घरांतल्याच होत्या.

देवगडकर : माझ्या घरावर घसरण्याचे कारण नव्हते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नावही सक्तीचे झाले आहे. आता समाजाने आणखी काय करायचे?

गुहागरचा एकटा बाप : कागदाने काय होते? पत्नी जाऊन सहा वर्षे झाली. भेटेल तो मला ‘दुसरे लग्न कर, पोरीला आई हवी’ एवढेच सांगतो. पोरीला काय हवे, हे तिला एकानेही विचारलेले नाही. तिला पाळी आली तेव्हा मी गोंधळून शेजारच्या काकूंना हाक मारली, याबद्दल ती आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. तिला ते माझ्याकडूनच ऐकायचे होते.

दापोलीची मास्तरीण : लेकीचा प्रश्न मी टाळणार नाही. अशा मुलांच्या अंगावर घर अकाली पडते, हे माझ्या लिहिण्यात यायला हवे होते. आणि वाडीला नावे ठेवताना हेही लिहिते, की खोडी केलेल्या प्रत्येक मुलाला ‘उद्या वडिलांना घेऊन ये’ असे मी पहिली पंधरा वर्षे, चौकशी न करता, भर वर्गात सांगत आले.

देवगडकर : चला, बाईंच्या हातून एक तरी चूक झाली म्हणायची. काकूंचे मात्र मी मागे घेत नाही.