घरी आल्यावर गोळ्यांच्या वेळांचा गोंधळ: फार्मासिस्टला विचारावे का?

प्रश्न (पंचवटी, नाशिक):
सासूबाईंना नुकतेच रुग्णालयातून घरी आणले आहे. थायरॉक्सिन (थायरॉइडसाठी), मेटफॉर्मिन (मधुमेहासाठी) आणि कॅल्शियम अशी औषधे असून कागदावर केवळ ‘१-०-१’ सारख्या खुणा आहेत. वेळांबाबतची शंका रुग्णालयातील फार्मासिस्टला विचारावी, की डॉक्टरांनाच गाठावे?

उत्तर (रुग्णालयातील फार्मासिस्ट, कॉलेज रोड):
अवश्य विचारावे, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीनुसार रुग्णाला समुपदेशन करणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कामच आहे. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावे, त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा टाळावा (आपल्याकडे हेच सर्वांत अवघड जाते) आणि कॅल्शियमची गोळी किमान चार तासांनी द्यावी, कारण तिच्यामुळे थायरॉक्सिनचे शोषण कमी होते. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घेतल्यास पोटाचा त्रास कमी होतो. येताना घरातील सर्व जुन्या पट्ट्याही आणाव्यात. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी सुरू असल्याचे अनेकदा तेव्हाच लक्षात येते. मात्र मात्रेत बदल करायचा असल्यास डॉक्टरांनाच विचारावे लागेल.

उत्तर (नाशिक रोड):
खर्च परवडत नसेल तर तेही संकोच न करता सांगावे. पैसे वाचवण्यासाठी काही जण एक दिवसाआड गोळी घेतात, तर काही जण ती अर्धी करतात. हळूहळू विरघळणारी गोळी मोडल्यास औषध एकदम शरीरात उतरू शकते. जेनेरिक पर्यायाविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. उद्या दुपारी, गर्दी कमी असताना, सर्व पट्ट्या घेऊन जाते.