मदत हवी आहे: मैफलीच्या १६ चॅनलच्या फायली उघडत नाहीत, आणि भैरवीची फाइल शून्य केबी

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. गुरुपौर्णिमेला आमच्या गाण्याच्या बाईंची मैफल झाली. साउंडवाल्या दादांनी डिजिटल मिक्सरमधल्या एसडी कार्डावर सगळं वेगवेगळं रेकॉर्ड केलं: बाईंचा माईक, दोन तानपुरे, पेटी, तबला, डग्गा, मागे गाणाऱ्या मुली, श्रोत्यांकडे तोंड केलेले दोन माईक. बाकीचे चॅनल रिकामे, पण मिक्सर १६ च्या १६ लिहितो म्हणे.

भैरवी रंगात आली आणि लाइट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत मिक्सर बंद. आता कार्डावर सहा वेव्ह फायली दिसतात. पाच जवळपास चार-चार जीबीच्या, सहावी शून्य केबी.

अडचणी दोन. माझ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या पाचही फायलींना 'फॉरमॅट चालत नाही' असा निरोप येतो. साध्या प्लेअरवर वाजतात, पण फक्त बाईंचा आवाज आणि एक तानपुरा. आणि सहावीत भैरवी आहे, ती गेलीच का? जेल रोडवर एकाने सांगितलं की कार्ड ठेवून जा, बघतो. दिलं नाही. लॅपटॉपला लावलं की विंडोज विचारतं, 'ड्राइव्ह दुरुस्त करू का?' अजून हो म्हटलेलं नाही.

प्रतिसाद:
हो म्हणूही नका! ती दुरुस्ती फायलींची यादी नीट करते, तुमच्या गाण्याशी तिला देणंघेणं नाही. हरवलेले तुकडे ती सीएचके नावाच्या फायलींत टाकते किंवा जागा मोकळी म्हणून जाहीर करते. कार्डाच्या कडेची छोटी कळ 'लॉक'कडे सरकवा आणि आधी विन३२ डिस्क इमेजरने अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल एका फाइलमध्ये, काढा. पुढचं सगळं त्या इमेजवर.

प्रतिसाद:
पहिल्या पाच फायली धडधाकट आहेत, घाबरू नका. एकाच वेव्हमध्ये १६ चॅनल गुंफलेले असतात: पहिल्या चॅनलचा एक नमुना (आवाजाचं त्या क्षणाचं मोजमाप), मग दुसऱ्याचा, असं सोळापर्यंत, की परत पहिला. तुमचं सॉफ्टवेअर एक किंवा दोनच चॅनलची अपेक्षा ठेवतं, म्हणून नाही म्हणतं. प्लेअर पहिले दोन उचलतो. रीपर नावाच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाका आणि आयटेमच्या मेनूत मल्टिचॅनल ऑडिओ एकेका चॅनलमध्ये फोडण्याची आज्ञा आहे ती द्या. ऑडॅसिटी हे दुसरं सॉफ्टवेअरही उघडतं, पण ते सगळा आवाज आपल्या प्रोजेक्टमध्ये उतरवून घेते. वीसेक जीबी मोकळी जागा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

चार जीबीचं कोडंही साधं आहे. वेव्हच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, लांबी लिहायला ३२ बिटांचीच जागा, शिवाय फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर एक फाइल चार जीबीहून मोठी होतच नाही. १६ चॅनल, प्रत्येकाचे सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना ४ बाइटचा, म्हणजे सेकंदाला ३०,७२,००० बाइट. साधारण २३ मिनिटांत फाइल भरते आणि मिक्सर पुढची उघडतो. पाचही जोडून परत एकच १६ चॅनलची वेव्ह करायला जाऊ नका, तीच भिंत पुन्हा लागेल. एकेक चॅनल सुटा करून सलग जोडा. दोन तासांचा एक चॅनल दीड जीबीच्या आत बसतो.

धागाकर्ती:
उघडल्या! डग्गा एकटा ऐकायला काय मजा येते हो. पाचही जोडल्या, सांध्यावर खट्ट नाही. आता भैरवी.

प्रतिसाद:
शून्य केबी म्हणजे आवाज नाही असं नव्हे. मिक्सर आवाज लिहीत जातो आणि फाइल बंद करताना तिचा आकार नोंदवतो. वीज गेली म्हणून नोंद राहिली. रिकव्हरीची बरीच सॉफ्टवेअरं लांबी हेडरमधूनच वाचतात, तिथे शून्य असेल तर तीही हात टेकतात. म्हणून हाताने करा. एचएक्सडी या, फाइलमधले बाइट थेट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इमेज उघडा, पाचवी फाइल संपते तिथून पुढे आर-आय-एफ-एफ ही चार मोठी इंग्रजी अक्षरं शोधा, वेव्ह फाइल त्यांनीच सुरू होते. कार्ड मैफलीआधी फॉरमॅट केलं असेल तर फायली एकापाठोपाठ असतात, सहावी लगेच सापडेल. तिथून पुढचे दोनेक जीबी वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि ऑडॅसिटीत रॉ डेटा (हेडर न वाचता नुसता आवाज) म्हणून आयात करा: ३२ बिट साइन्ड, लिटल एंडियन, १६ चॅनल, ४८,०००.

धागाकर्ती:
सापडली! हेडर ४४ बाइटचं असतं असं वाचलं, म्हणून तेवढे सोडून सुरुवात केली. आवाज स्वच्छ आहे, पण बाईंच्या ट्रॅकवर पेटी आणि पेटीच्या जागी भलतंच.

प्रतिसाद:
४४ बाइट हा साध्या स्टीरिओ वेव्हचा हिशेब. मल्टिचॅनलचं हेडर मोठं असतं, वर काही मिक्सर त्यात आणखी भर घालतात. डी-ए-टी-ए ही चार छोटी अक्षरं शोधा, त्यानंतर लांबीचे चार बाइट सोडा, तिथून आवाज. १६ चॅनलचा एक फेरा ६४ बाइटचा. चाराच्या पटीत चुकलात तर चॅनल एकमेकांच्या जागी सरकतात, तुमचं तेच झालंय. चाराच्या पटीतही नसतं तर नुसती खरखर ऐकू आली असती.

धागाकर्ती:
जमलं!! सगळे आपापल्या जागी. भैरवी आहे, दिवे जाण्याच्या जरा आधीपर्यंत. पण पुढे एकदम ढोल आणि सिंथेसायझर सुरू होतो, कुणाच्या तरी लग्नाचा ऑर्केस्ट्रा! हे काय?

प्रतिसाद:
कार्डावरचं जुनं रेकॉर्डिंग. क्विक फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते. शेवटचे क्षण मिक्सरच्या मेमरीत होते, ते कार्डापर्यंत पोचलेच नाहीत. ते मिळायचे नाहीत. ऑर्केस्ट्रा जिथे सुरू होतो तिथे कापा, आधी छोटासा फेडआउट द्या.

धागाकर्ती:
दादांना उद्या कार्ड परत हवंय, संध्याकाळी रामबागेत कार्यक्रम आहे. पुसून देऊ का?

प्रतिसाद:
इमेजची आणखी एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा आणि कार्ड आहे तसं द्या. फॉरमॅट त्यांना मिक्सरमध्येच करू दे. आणि मिक्सरपुरता छोटा यूपीएस लावा म्हणावं.