एकी चार दिवसांची? मला तसं वाटत नाही

राष्ट्रीय संकटातली एकी चार दिवसांत ओसरते, असं काहीजण म्हणतात. २६/११ च्या मुंबईवरच्या हल्ल्यापुरतं तरी मला ते पटत नाही. २७ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी मी महाद्वार रोडवरच्या चहाच्या गाड्यापाशी होतो. शेजारच्या दुकानातल्या टीव्हीवर ताज हॉटेलमधून धूर येताना दिसत होता. एरवी तिथं राजकारणावरनं वादावादी चालायची, त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही. हातातल्या चहावर साय धरली. साताऱ्याकडच्या पोलीस तुकाराम ओंबळेंनी अतिरेकी कसाबच्या रायफलची नळी धरून गोळ्या अंगावर घेतल्या, हे कळलं तेव्हा तर घरातला माणूस गेल्यासारखं वाटलं.

पुढं मुंबईतल्या मुस्लिम संस्थांनी मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना दफनभूमीत जागा नाकारली. त्याला कुठल्या मेणबत्ती मोर्चाची सर येणार?

आणि देशाचं नाव म्हणाल तर ते कोर्टानं राखलं, असं माझं ठाम मत आहे. १६६ जीव गेले होते, लोकांचा संताप रास्तच होता. तरीही कसाबला वकील दिला, खटला सुप्रीम कोर्टापर्यंत चालला, मगच २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी मात्र पुराव्याअभावी निर्दोष सुटले. एवढ्या रागातसुद्धा! परदेशात कुणी आपल्या न्यायव्यवस्थेला नावं ठेवली, तर मी आधी या दोघांच्या सुटकेचं सांगतो.