'सिलेक्टिव्ह ऑक्सिडेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

माझी भाची पुण्यात पाषाणला प्रोजेक्ट करतीये, विज्ञान दिनाला शाळेतल्या मुलांसाठी मराठी पोस्टर हवंय. विषय: संक्रमण धातूंची संकुलं वापरून अल्कोहोलचं सिलेक्टिव्ह ऑक्सिडीकरण. 'निवडक ऑक्सिडीकरण' चालेल का?

– निवडक नको ताई. निवडक म्हणजे निवडलेलं, निवडक कविता वगैरे, आणि इथे निवड करतोय तो उत्प्रेरक. शिवाय काय निवडतोय हे वाचणाऱ्याला कळायला पाहिजे ना, प्राथमिक अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण केलं की आधी आल्डिहाइड होतं आणि ते तिथं न थांबता पुढे ॲसिड होऊन बसतं, दहावीला पोटॅशियम परमँगनेट घालून इथेनॉलचं ॲसिटिक ॲसिड करतात ते हेच. आता बेंझिल अल्कोहोलपासून बदामाच्या वासाचं बेंझाल्डिहाइड काढायचंय तर बेंझोइक ॲसिड झालेलं चालणारच नाही. मी सरळ 'आल्डिहाइडपाशी थांबणारं ऑक्सिडीकरण' लिहीन. लांबलचक आहे पण मुलांना कळेल.

– पण सर, एकाच रेणूत प्राथमिक आणि द्वितीयक असे दोन्ही अल्कोहोल गट असले आणि फक्त प्राथमिकवरच क्रिया व्हायला हवी असेल, तर त्यालाही सिलेक्टिव्हच म्हणतात की. तिथे 'थांबणारं' बसत नाही. भाचीचं काम नेमकं कुठलं ते आधी विचारा.

– विचारलं, आल्डिहाइडवालंच आहे. तांबं, त्याला धरून बसणारं बायपिरिडिन आणि टेम्पो (TEMPO) नावाचं मदतनीस संयुग.

– मग 'थांबणारं' एकदम चपखल. फक्त 'उत्प्रेरक' शब्द गाळू नका हं, कारण आल्डिहाइडपाशी पीसीसीसुद्धा (पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट, क्रोमियमचं संयुग) थांबतं पण ते उत्प्रेरक नाही, क्रोमियम क्रियेत खर्ची पडतं आणि विषारी कचरा उरतो. तांब्याच्या या पद्धतीत (2011 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला निघालेली) तांबं थोडंसंच लागतं, तेच परत परत कामाला येतं, ऑक्सिजन साध्या हवेतला आणि सोबत बनतं ते पाणी. मुलांना सांगण्यासारखं खरं तर हेच आहे!

'संकुल' मात्र ठेवाच. आपल्याकडे संकुल म्हटलं की बालेवाडी आठवतं खरं, पण मधे धातू आणि भोवती त्याला धरून बसलेले रेणू हा अर्थ त्यात येतो, 'जटिल संयुग'मधे नुसतं अवघड काहीतरी एवढंच कळतं. 'संक्रमण' पण बरोबर, मकरसंक्रमणातलं, फक्त 'संक्रामक धातू' होऊ देऊ नका, तो रोगाचा शब्द. धातूला धरून बसलेल्या त्या रेणूंना, म्हणजे लिगंडना, लिगंडच लिहा.