घरातले कोळी: गणपती गेले की तुमच्याकडे कोण येतं?

पिठलंभात
परवा रात्री साडेअकराला दात घासायला गेले तर बाथटबमध्ये हा एवढा कोळी. बशीएवढा असं लिहिणार होते पण नवरा शेजारी बसून वाचतोय आणि म्हणतोय खोटं लिहू नकोस, तर बशीच्या मधल्या खळग्याएवढा, पाय धरून. इंग्लंडात लीड्सला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली, घर जुनं दगडी आहे, खाली तळघर, आणि दरवर्षी तिकडे गणपती पोचवून झाले की इकडे हे महाशय हजर. सोफ्याखालून निघणार ते थेट टीव्हीच्या टेबलाखाली, आणि चालत नाहीत हो, सुसाट सुटतात आणि मधेच थबकतात. मला ते थबकणंच जास्त भयंकर वाटतं, काहीतरी ठरवतोय असं वाटतं.

पहिली काही वर्षं मी समजायचे की बाहेर गारठा पडला म्हणून बिचारे उबेला आत येतात. आमच्या शेजारी एक रिटायर्ड आजोबा आहेत, दिवसभर बागेत असतात, त्यांनी माझा भ्रम फोडला. म्हणाले हे वर्षभर तुझ्याच घरात असतात, कपाटामागे नाहीतर तळघरात, चादरीसारखं जाळं पसरायचं आणि मागच्या कोपऱ्यात त्याचंच नळकांडं करून आत बसायचं. ऑगस्ट संपता संपता ते ऑक्टोबरपर्यंत जे जमिनीवर दिसतात ते बहुतेक सगळे नर, वयात आलेले, स्थळ बघायला निघालेले. बाई आपली जाळ्यात, तिला कुठे जायचंच नसतं. नर ओळखायची खूण म्हणजे तोंडापुढे बॉक्सिंगच्या ग्लोव्हजसारखे दोन गोळे. आणि टबमध्ये ते नळातून किंवा ड्रेनमधून येत नाहीत, तिथे पाइपच्या वळणात पाणी असतं. वरून पडतात, आणि गुळगुळीत भिंतीवर पाय ठरत नाहीत म्हणून अडकतात.

सासूबाईंना साताऱ्याला फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, पितृपक्षात आलेल्याला हाकलू नये गं, कोण कुठल्या रूपात येईल सांगता येत नाही. आता मामंजी रात्री न बोलता घरभर फिरायचे हे खरंच आहे, त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही.

तर आपापले अनुभव लिहा. मारता का सोडता, कुठे सोडता, घरचे काय म्हणतात. फोटो टाकणार असाल तर आधी सांगा प्लीज, जेवताना वाचणारे लोक आहेत.

खाडीकाठ
ताई, तुमचा खळग्याएवढा, आमचा जवळपास अख्ख्या बशीएवढा आणि माझ्या शेजारी खोटं पकडायला कोणी बसलेलं नाही तरी खरं सांगतोय. आमचं घर राजापूरकडे, चिऱ्याच्या भिंती, न्हाणीघर मागच्या बाजूला. रात्री दिवा लावला की भिंतीवर एक तपकिरी कोळी चिकटलेला असायचाच, चपटा, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले. हा जाळं करत नाही. झुरळ दिसलं की झडप. लहानपणी आम्हा भावंडांना आईची ताकीद होती, त्याला चप्पल मारायची नाही, तो माझी अर्धी कामं करतो. पोटाखाली पांढरी चपटी गोल पिशवी धरून मादी फिरायची, जुन्या रुपयाएवढी, आणि एक दिवस सकाळी बघावं तर भिंतीवर मोहरी सांडल्यासारखी पिल्लं. दोनतीन दिवसांत सगळी गायब, कोण खायचं, कुठे जायची, देव जाणे.

आमच्याकडे कोळ्यांचा सीझन म्हणजे नवरात्राच्या आधीचा आठवडा. पावसाचे चार महिने घर बंद बंद, चुलीचा धूर, त्यामुळे आढ्याला जळमटं काळी होऊन दोरीसारखी लोंबायची. घट बसायच्या आत ती काढायची. वडील लांब बांबूला हिरांची वाढवण बांधायचे (केरसुणी हो, पुण्याच्या लोकांसाठी), तोंडाला पंचा, डोक्याला टॉवेल, आणि मी खालून सूचना देणार, अप्पा डावीकडे, अजून डावीकडे. एकदा काजळीचा गठ्ठा सरळ माझ्या उघड्या तोंडात पडला. चव अजून आठवते, जळक्या भाकरीसारखी. आता गॅस आहे, वरती पत्रा आहे, जळमटं पांढरीच राहतात. त्या बारीक लांब पायवाल्यांची असतात ती, जाळ्याला बोट लावलं की अख्खा कोळी इतका जोरात थरथरतो की दिसेनासा होतो, करून बघा.

निद्रानाश_पुणे
मोठे नाहीत आमच्याकडे, दहाव्या मजल्यावर कोण येणार. पण एक उड्या मारणारा छोटा कोळी आहे, माझ्या मॉनिटरवर राहतो. माउसचा बाण हलवला की त्याच्यामागे पळतो. एकदा क्लायंटबरोबर कॉल चालू असताना मी पंधरा मिनिटं त्याला स्प्रेडशीटमधून फिरवला. बोट जवळ नेलं की पूर्ण वळून तोंड वर करून बघतो, पुढचे दोन डोळे एवढे मोठे की खरंच कोणीतरी आपल्याला बघतंय असं वाटतं. माझ्या अप्रेझलमध्ये एवढं लक्ष देऊन कोणी बघितलं नव्हतं.

रानजाई
मला एक वेगळंच सांगायचंय. कोल्हापूरला आमच्याकडे मानेवर, गालावर लाल पट्टा उठून पाण्याचे फोड आले की लगेच म्हणतात कोळी मुतला. मला दहावीला असताना उठलं होतं, पावसाळ्याचा शेवट होता, रात्री ट्यूबलाइटखाली अभ्यास करत होते, सकाळी काही नाही, दुसऱ्या दिवशी मानेवर चाबूक मारल्यासारखा पट्टा. काकूंनी कसला तरी पाला वाटून लावला त्याने अजून भगभगलं. घरात कोळ्यांचं हत्याकांड झालं, वडिलांनी स्प्रे मारून कोपरा न् कोपरा धुतला.

नंतर त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्या हसल्या. म्हणाल्या कोळी असा मुतत नाही, हा एक किडा आहे, मुंगीसारखा लांबट, केशरी आणि काळ्या पट्ट्यांचा, पावसाळ्यात आणि पाऊस संपताना दिव्यावर येतो. चावतही नाही. मानेवर बसला आणि आपण झोपेत चिरडला की त्याच्या अंगातलं पाणी कातडीला लागतं आणि फोड साधारण दुसऱ्या दिवशी येतात, म्हणून कोणालाच कळत नाही कशाने झालं. बसला तर फुंकर मारून उडवायचा, चिरडायचा नाही, आणि चिरडलाच तर साबणाने लगेच धुवायचं. म्हणजे आमच्या घरचे कोळी दुसऱ्याच्या गुन्ह्यात फासावर गेले. वडिलांना सांगितलं तर म्हणाले असू दे, घर तरी स्वच्छ झालं.

नको_रे_बाबा
तुम्ही सगळे कौतुकाने लिहिताय, मला वाचतानाच पाय वर घ्यावे लागले. मी माफी मागून सांगते की मी मारते, म्हणजे मारायचे, व्हॅक्यूमने, आणि मग व्हॅक्यूम गॅरेजमध्ये ठेवून दार लावायचे कारण तो आतून परत येईल असं वाटायचं. आम्ही स्लाउला राहतो. चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरात संध्याकाळी घरात शिरले तर हॉलच्या भिंतीवर एक. मी परत बाहेर जाऊन गाडीत बसले. नवरा ऑफिसातून यायला दोन तास होते. दोन तास बसले, त्या रात्री पाऊस होता, लेक क्लासवरून आली तर तिलाही गाडीत घेतलं आणि आम्ही दोघींनी डब्यातल्या उरलेल्या दोन चकल्या खाल्ल्या. तिने विचारलं आई आपण कोणाला घाबरलोय, तर मला सांगताच येईना. तेव्हा लाज वाटली.

लंडन झूमध्ये कोळ्यांची भीती असलेल्या लोकांसाठी एक कार्यक्रम असतो, नवऱ्याने वाढदिवसाला त्याचं तिकीट दिलं (असा नवरा). एक दुपार. आधी माहिती सांगतात, मग सगळ्यांना आडवं करून हिप्नोथेरपी, त्यात मला चक्क झोप लागली, आणि मग कोळी. माझ्या शेजारी एक सहा फुटी बांधकामवाला माणूस होता, तो रडत होता त्यामुळे मला जरा धीर आला. शेवटी घरात दिसतो तसलाच कोळी समोर ठेवला होता, त्याच्यावर प्लास्टिकचा डबा झाकायचा आणि खालून कार्ड सरकवायचं. मी केलं. आवडतात असं काही झालेलं नाही, पण आता गाडीत बसत नाही. काचेचा ग्लास आणि लाइटबिलाचं पाकीट हॉलमध्येच ठेवलेलं असतं.

पिठलंभात
@नको_रे_बाबा अगं बाई, दोन तास! आणि चकल्या नेमक्या गाडीत कशा होत्या हे मला जास्त महत्त्वाचं वाटतंय.

कोणीतरी मेसेजमध्ये विचारलंय की खिडकीत कॉन्कर ठेवले तर कोळी येत नाहीत हे खरं का. कॉन्कर म्हणजे इथे शरदात रस्त्यावर हॉर्स चेस्टनटच्या झाडाची चकचकीत तपकिरी फळं पडतात ती, आपल्या रिठ्यांसारखी दिसतात पण मोठी, आणि सगळ्या इंग्रज आज्या ती खिडकीत मांडून ठेवतात. मीही ठेवली होती, वाडगाभर. तिसऱ्या दिवशी त्याच वाडग्यात एक आरामात बसलेला. नंतर वाचलं की रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने लोकांना याचा पुरावा द्या म्हणून आवाहनच केलं होतं, आणि कॉर्नवॉलच्या एका प्राथमिक शाळेतल्या मुलांनी प्रयोग करून दाखवलं की कोळ्यांना काही फरक पडत नाही. शाळेतल्या मुलांनी निकाल लावला तरी आज्या ऐकत नाहीत.

दक्षिणगोलार्ध
आमचा शरद मार्च-एप्रिलमध्ये असतो त्यामुळे मी अवेळी लिहितोय, सिडनीहून. इथे हंट्समन म्हणजे खाडीकाठ दादांच्या न्हाणीघरातल्या कोळ्याचा भाऊबंद, गाडीच्या सनव्हायजरच्या मागे बसतो. ऊन डोळ्यावर आलं म्हणून बायकोने व्हायजर खाली ओढला तर तो तिच्या मांडीवर, आणि आम्ही पुलावर. तिने ब्रेक मारला नाही, ओरडलीही नाही, फक्त म्हणाली, तू घे. त्याच्यापासून धोका तसा काही नाही, दचकून गाडी ठोकण्याचाच जास्त.

धोकादायक तो फनेल-वेब कोळी. त्याचेही नरच, उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात रात्री फिरायला निघतात, बाहेर ठेवलेल्या बुटात शिरतात नाहीतर स्विमिंग पूलमध्ये पडतात. पूलच्या तळाशी निपचित पडलेला म्हणजे मेलेला असं नाही, तो तासन्‌तास पाण्यात जिवंत राहतो, हात घालायचा नाही. त्याच्या विषावर औषध आलं १९८१ मध्ये आणि तेव्हापासून कोणी दगावलेलं नाही. मजा म्हणजे ते औषध करायला कोळीच लागतात, त्यांचं विष काढून, त्यामुळे इथे लोकांना सांगतात की जमत असेल तर बरणीत पकडून आणून द्या. आमच्या शेजारीणबाई लोणच्याच्या बरणीत घालून पोचवून आल्या. बरणी आमचीच होती, कैरीच्या लोणच्याची, परत मागितली नाही.

चिमणचारा
दाराच्या कॅमेऱ्यासमोर एकाने जाळं केलंय. रात्री दर दहा मिनिटांनी फोन वाजतो, दारात कोणीतरी आहे. आहेच.

मधला_पश्चिम
अमेरिकेतल्या कॅन्ससवरून. आमच्याकडे ब्राउन रिक्लूज (म्हणजे एकांतात राहणारा) कोळी, अंगावर व्हायोलिनसारखी खूण असते, नावाप्रमाणे लाजाळू, दिवसा खोक्यांत आणि कपड्यांच्या ढिगात. चावला तर जखम चिघळू शकते, म्हणून इथे आल्यावर पहिल्या वर्षी आम्ही पलंग भिंतीपासून लांब, चादर जमिनीला न टेकू देता, बूट झटकून, असं मिलिटरीसारखं राहायचो. मग २००२ चा एक अभ्यास वाचला, लेनेक्सा म्हणजे आमच्यापासून वीस मिनिटं, तिथे एका राहत्या घरात सहा महिन्यांत २०५५ रिक्लूज गोळा केले आणि घरातल्या एकालाही चावा नाही. हे मी बायकोला दिलासा म्हणून वाचून दाखवलं. तिने दोन हजार पंचावन्न एवढंच ऐकलं. दिवाळीचा फराळ आता वरच्या कपाटात, घट्ट झाकणाच्या डब्यांत, कोळ्यांचा फराळाशी काय संबंध असं मी विचारत नाही.

खाडीकाठ
@पिठलंभात त्या टबातल्याचं काय झालं शेवटी? सगळे आपापलं सांगून गेले, मूळ पात्र तसंच अडकलंय.

पिठलंभात
हो हो, राहिलंच. ग्लास आणि कार्ड घेऊन बाहेर सोडणार होते, तर शेजारच्या आजोबांनी सांगितलं की हे घरातच वाढलेले असतात, टाकायचाच तर शेडमध्ये नाहीतर गॅरेजमध्ये टाक, उघड्यावर नको. पण रात्री साडेअकराला शेडमध्ये कोण जाणार, मग टबच्या काठावरून टॉवेल आत सोडून ठेवला, त्यांना धरून चढायला. नवरा म्हणाला हे काय, शिडी लावलीस का. लावली.

सकाळी टब रिकामा. टॉवेल तसाच, घड्या पडलेल्या. तो टॉवेल अजून कोणी उचललेला नाही, आज तिसरा दिवस, आम्ही दोघं आळीपाळीने म्हणतोय की तू घे.